वाकोल्याच्या दारीं रानतेरडा

वाकोला हें नांव ऐकून कोणाच्याहि डोळ्यांपुढें डोंगर उभा राहणार नाहीं. सांताक्रूझच्या पूर्वेस, पश्चिम द्रुतगति मार्गाला लागून ही वस्ती पसरली आहे. उत्तरेस विमानतळ, पूर्वेस कलिना व तेथील मुंबई विद्यापीठाचें विद्यानगरी हें आवार, दक्षिणेकडे वाकोल्याचा नाला आणि त्यापलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाचे कांचेचे मनोरे. मध्यें चाळी, जुनीं ख्रिस्ती घरें, नव्या उंच इमारती, मशीद, देवळें आणि डोक्यावरून जाणारीं विमानें. एथें रान कोठलें? तरीहि भाद्रपदाच्या शुक्लपक्षांत दोन-तीन दिवस असे येतात कीं, वाकोल्याच्या बाजारांतील रस्त्याच्या कडेला डोंगर स्वतःच येऊन बसल्यासारखा वाटतो. पहाटेच्या गाडीनें आलेल्या बायका ओल्या गोणपाटावर हिरव्यागार जुड्या मांडतात. मुळांना अजून लाल माती असते, रसरशीत देंठांतून पाणी निथळत असतें, आणि पानांच्या बगलेंतून गुलाबी फुलें डोकावत असतात. हा तेरडा. गौरी आल्याची वर्दी आमच्या वस्तीला पंचांगापेक्षां तोच आधीं देतो.

गौरी कोणत्या रूपानें येतात हें ज्या त्या घराण्याच्या चालीवर आहे. कोंकणस्थांच्या पुष्कळ घरीं पाणवठ्यावरून पांच किंवा सात खडे आणून त्यांची पूजा होते. देशावर मुखवट्यांच्या उभ्या गौरी साडीचोळी नेसवून बसवितात. कोंकणांत व मुंबईच्या आसपास अनेक कुळांत तेरड्याच्या रोपांची जुडी हीच गौर. तिला मुखवटा लावावा, लुगडें नेसवावें, आणि माहेरवाशिणीसारखें तिचें कोडकौतुक करावें. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन असा हा तीन दिवसांचा मुक्काम. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण चंचल माणसास उद्देशून तिरस्कारानें वापरतों. परंतु तेरड्याच्या त्याच तीन दिवसांत देवी घरीं राहून जाते, हें म्हण वापरणाऱ्याच्या ध्यानांत बहुधा नसतें.

आमच्या घरीं दोन्ही चाली एकत्र नांदतात. घराण्याच्या गौरी खड्यांच्या. पण धाकट्या सुनेच्या माहेरीं तेरड्याच्या गौरी असत, म्हणून गेलीं कित्येक वर्षें खड्यांच्या ताम्हनाशेजारीं तेरड्याची एक जुडीहि विराजमान होते. ह्यामुळें आमच्यापुढें दरवर्षीं दोन प्रश्न उभे राहतात. खडे कोठून आणावयाचे, आणि तेरडा कोठून येतो?

खड्यांचें उत्तर दुःखाचें आहे. गौरीचे खडे वाहत्या, निर्मळ पाण्याच्या कांठचे असावेत. वाकोल्यास पाणी आहे, पण तें नाल्याचें. हा नाला पुढें मिठी नदीस मिळतो. मिठी ही खरोखरीची नदी आहे, हें नव्या पिढीला सांगावें लागतें. १८६० सालीं मुंबईस नळाचें पाणी देण्यासाठीं बांधून पुरा झालेला विहार तलाव डोंगराच्या कुशींत आहे. त्याच्या सांडव्याचें पाणी आणि पवई तलावाचें जास्तीचें पाणी घेऊन ही नदी सुमारें १८ किलोमीटर वाहते, आणि विमानतळ, कुर्ला, कलिना अशी वाट काढीत माहीमच्या खाडीस मिळते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेनें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली, तेव्हां ह्या नदीनें व तिला मिळणाऱ्या नाल्यांनीं आपली मूळची जागा कोणती तें आम्हां सर्वांस घरांत शिरून दाखविलें. एरवीं तिच्या पाण्याचा रंग व वास असा कीं, तिच्या कांठचा खडा देवघरांत आणावा असें कोणासहि वाटणार नाहीं. म्हणून आमच्याकडील मुली इमारतीच्या अंगणांतून खडे उचलतात आणि नळाखालीं धुऊन घेतात. देवी भावाची भुकेली असल्यामुळें तें गोड मानून घेते.

तेरड्याचें उत्तर मिळविण्यासाठीं आम्हीं एका वर्षीं जुडी घेतांना विकणाऱ्या बाईसच विचारलें, “मावशी, हा तेरडा कोठला?”

“वाड्याकडचा, बाबा. शेताच्या बांधावरला,” ती म्हणाली. “आधी घरामागच्या माळावर उपटाल तेवढा होता. आता माळाला कुंपण पडलंय. बांधावर उरलाय तेवढा आणते. पुढल्या साली मिळंल का नाही, ते गौराईला ठाऊक.”

“दोन दिवसांत कितीसे मिळतात?”

“पोरांच्या वह्या-पुस्तकांचं भागतं,” असें म्हणून तिनें जुडीवर पाणी शिंपडलें.

तेरडा पैसे देऊन मिळतो हें आम्हांस ठाऊक होतें. तो कोणाच्या तरी बांधावरून, कोणाच्या तरी गरजेपोटीं येतो, आणि तो बांध दरवर्षीं आंखूड होत आहे, हें त्या दिवशीं समजलें.

घरीं आल्यावर आमच्या नातीनें, जी महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकते, ह्या विषयांत निराळीच भर घातली. आमच्या गॅलरींत जिरेनियमची एक कुंडी आहे. तिच्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, “आजोबा, तुमचा तेरडा आणि हे जिरेनियम एके काळी एकाच कुळात धरत असत.” आम्हांस हें नवल वाटलें, पण तिनें पुस्तक काढून दाखविलें. हूकरसाहेबांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हिंदुस्थानांतील वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यांत तेरड्याची सारी जात जिरेनियमच्या कुळांतच घातलेली आहे. पुढें शास्त्रज्ञांनीं हें एकत्र कुटुंब विभक्त केलें. आज तेरड्याचें कूळ स्वतंत्र मानतात, आणि जिरेनियमशीं त्याचें नातें फार दूरचें समजतात. मात्र एक खोड दोघांतहि आहे. फळ पिकलें म्हणजे दोघेहि आपलें बीं दूर फेंकतात. जिरेनियमचें नांव ग्रीक भाषेंतील क्रौंच पक्ष्याच्या नांवावरून पडलें, कारण त्याचें फळ क्रौंचाच्या चोंचीसारखें लांबट असतें. तेरड्याच्या जातीस शास्त्रांत ‘इंपेशन्स’ म्हणतात. त्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘अधीर’. शेंगेला बोट लागण्याचा अवकाश, कीं ती फुटलीच!

गॅलरींतलें जिरेनियम मूळचें दक्षिण आफ्रिकेकडचें. परंतु खरें रानटी जिरेनियम आपल्या देशांतहि आहे. हिमालयाच्या उतारांवर व दक्षिणेंत निलगिरीवर त्याची एक जात उगवते, आणि तिचीं बोटाच्या पेराएवढीं फिकट गुलाबी फुलें गवतांत पसरलेलीं असतात, असें नातीनें सांगितलें. साठी उलटलेल्या गुडघ्यांनीं त्या फुलांच्या भेटीस जाणें आम्हांस अवघड. पण त्यांचा हा जुना मानलेला भाऊबंद तर तास-दीड तासाच्या वाटेवर आहे. तो जुडींत बांधलेला पुष्कळदां पाहिला. एकदां त्याला त्याच्या घरीं पाहावें, असें आम्हीं ठरविलें.

श्रावण सरतां सरतां एका सकाळीं नातीस बरोबर घेऊन आम्ही निघालों. सांताक्रूझहून लोकलनें बोरिवली अर्ध्या तासाची वाट. स्टेशनापासून थोड्याच अंतरावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें द्वार आहे. सुमारें १०४ चौरस किलोमीटरचें हें अरण्य शहरानें वेढलेलें आहे. विहार व तुळशी हे दोन तलाव त्याच्याच पोटांत आहेत, आणि बिबट्यांची वस्ती अजून टिकून आहे. द्वारापासून कान्हेरीच्या लेण्यांकडे जाणारी सडक सहा-सात किलोमीटरची. पाऊस नुकताच थांबला होता. दोन्हीं कडेच्या दरडींतून झरे वाहत होते, खडकांवर शेवाळ दाटलें होतें, आणि जेथें जेथें उजेड जमिनीपर्यंत पोंचला होता तेथें तेथें तेरडा उभा होता.

बाजारांतल्या जुडींत आणि ह्या झाडांत मोठा फरक वाटला. जुडींत सारीं रोपें एकमेकांवर दडपलेलीं असतात. एथें प्रत्येक रोपाला आपला ऐसपैसपणा होता. उंची गुडघ्यापासून कमरेपर्यंत. देंठ जाड, पाणीदार, कोठें कोठें तांबूस. पानें लांबट व करवतीच्या दांत्यांसारख्या कांठांचीं. फुलें पानांच्या बगलेंत, लहान देंठांवर किंचित् लोंबतीं, आणि प्रत्येकाच्या मागें एक बारीक वांकडी शेपटी. ह्या शेपटींत मध असतो, आणि त्या लोभानें भुंगे व फुलपाखरें येतात. नातीनें फुलांतील आणखी एक गंमत दाखविली. फुलाचे पुंकेसर माथ्याशीं जुळून त्यांची एक टोपी झालेली असते, आणि ती स्त्रीकेसराला झांकून ठेवते. आधीं परागांचें काम संपतें, टोपी गळून पडते, आणि मगच स्त्रीकेसर पराग घेण्यास तयार होतें. एकाच फुलांत दोघांचा काल निराळा ठेवून निसर्गानें परक्या फुलाच्या परागांस वाव दिला आहे. तीन दिवसांच्या रंगाला आम्ही चंचलपणा म्हणतों, आणि त्या तेवढ्याशा वेळांत एवढी व्यवस्था!

रानांतील तेरड्याचें फूल बहुधा गुलाबी असतें. परंतु लेण्यांच्या पायऱ्यांजवळ, एका काळ्या खडकाच्या चिरेंत, पांच-सहा रोपें अशीं दिसलीं कीं, त्यांचीं फुलें जवळजवळ पांढरीं होतीं. पाकळीच्या मुळाशीं तेवढी गुलाबी छटा, बाकी सारें दुधांत केशराची काडी बुडवून काढावी तसें फिकट. आम्ही तेथें बराच वेळ उभे राहिलों. ‘गौर’ शब्दाचे अर्थ अमरकोशांत तीन दिले आहेत: श्वेत, पीत आणि अरुण. विद्यार्थ्यांस हे अर्थ शिकवितांना एकाच शब्दांत पांढरा, पिंवळा व तांबूस हे तीन रंग कसे सामावतात, ही शंका दरवर्षीं कोणी तरी काढी. त्या चिरेंतील फूल पाहिल्यावर ती शंका राहूं नये. कान्हेरीच्या डोंगरास जुन्या शिलालेखांत प्राकृतांत ‘कण्हसेल’ व संस्कृतांत ‘कृष्णगिरि’ म्हटलें आहे. कृष्णगिरीच्या काळ्या पाषाणांतून दरवर्षीं गौर उगवते, आणि तिला घरीं न्यावें असें ज्या कोणा बाईच्या मनांत प्रथम आलें, तिला कोश उघडण्याची गरज पडली नसेल.

लेणीं शंभरांहून अधिक आहेत. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकापासून सुमारें हजार वर्षें एथें बौद्ध भिक्षूंचा वास होता. आमचें लक्ष वेधलें तें मूर्तींपेक्षांहि पाण्यानें. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशीं खडकांत कोरलेलें एक टांकें आहे. वरच्या कातळावर पडलेला पाऊस लहान लहान पाटांनीं त्यांत उतरविलेला आहे. शिलालेखांत ह्या टांक्याला ‘पाणियपोढी’ असें प्राकृत नांव आहे. पावसाळ्यांत भिक्षूंनीं एकाच ठिकाणीं राहावें असा त्यांचा नियम. म्हणजे तेरड्याच्या साऱ्या हंगामांत ते एथेंच असत. डोंगराचें पाणी अडवून, जपून, वर्षभर पुरविणाऱ्या त्या लोकांच्या टांक्यांतील पाणी आजहि नितळ दिसतें. ह्याच डोंगररांगेंतील पाऊस विहारांत सांठतो, आणि तेथून मिठीच्या रूपानें आमच्या वस्तीजवळून जातो. तेरडा व खडा हीं गौरीचीं दोन्ही रूपें ह्याप्रमाणें एकाच डोंगरानें व एकाच पावसानें दिलेलीं आहेत. खडा आम्हीं नाल्यांत घालविला. तेरडा अजून हातांत आहे.

तो हातांत राहावा कसा, हा विचार परततांना मनांत घोळत होता. राष्ट्रीय उद्यानांतील पान-फूल तोडण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंदी आहे, व ती योग्यच आहे. पण बांधावरच्या तेरड्यास कोणताहि कायदा राखीत नाहीं. तेरडा वर्षायु आहे. पहिल्या पावसानें तो उगवतो, श्रावण-भाद्रपदांत फुलतो, बीं टाकतो आणि पाऊस संपतांच वाळून जातो. त्याला कंद नाहीं, जुनें खोड नाहीं; पुढल्या वर्षाचा सारा भरंवसा ह्या वर्षाच्या बियांवर. आणि गौरीचा सण येतो नेमका फुलांच्या भरांत, बहुतेक शेंगा कोंवळ्या असतांना. मुळासकट उपटलेलें रोप म्हणजे पुढल्या वर्षींचीं कितीतरी रोपें. माळ मोठा होता तोंवर ही उचल त्याला जाणवली नाहीं. माळ जाऊन बांध उरला, म्हणजे तीच उचल जड होते.

सातारजवळील कासच्या पठारावर तेरड्याचीच दुसरी एक जात पावसाळ्याच्या अखेरीस सारा कातळ फिकट गुलाबी करून सोडते. मुंबई सरकारच्या सेवेंतील लॉ नांवाच्या वनस्पतिप्रेमी इंग्रज अधिकाऱ्याचें नांव तिला दिलेलें आहे. २०१२ सालीं पश्चिम घाटाबरोबर कासची गणना जागतिक वारशांत झाली, आणि पाहणाऱ्यांच्या पायांखालींच फुलें तुडविलीं जाऊं लागल्यामुळें रोजच्या प्रवाशांच्या संख्येस मर्यादा घालावी लागली. जें प्रेमानें पाहावयास जावें तें प्रेमानेंच नाहींसें होऊं शकतें. पूजेसहि हेंच लागू आहे.

घरीं हा विषय निघाला तेव्हां नातीचें म्हणणें पडलें कीं, तेरडा कुंडींत लावावा आणि विकत घेणें बंद करावें. त्यावर आमच्या मंडळींनीं जो आक्षेप घेतला तो विचार करण्याजोगा होता. त्या म्हणाल्या, “गौर बाहेरून यायची असते. गॅलरीतून उचलून देवघरात ठेवली, तर तिला माहेरवाशीण कोण म्हणेल? आणि ती बाजारातली बाई? तिच्या पोरांच्या वह्यांचं काय?” शास्त्र एका बाजूस, रूढि दुसऱ्या बाजूस व पोट तिसऱ्या बाजूस असा हा पेंच होता. तो सुटला तो अशा रीतीनें. इमारतीच्या कुंपणाच्या भिंतीलगत हातभर रुंदीची मातीची पट्टी मोकळी होती. ती तेरड्याला दिली. तेथून मुली गौर घेऊन जिना चढून येतात, आणि उंबरठ्यावर तिचे पाय धुऊन तिला आंत घेतात. बाजारांतून घेतों ती जुडी आतां एकच. पण तिचे पैसे पूर्वींच्या दोन जुड्यांचे देतों.

बीं मिळविलें तें बाजारच्या जुडींतूनच. तेरड्याच्या खालच्या शेंगा आधीं पिकतात. विसर्जनाच्या दिवशीं जुडी पाण्यांत न टाकतां तिच्या मुळांना ओली माती देऊन ती सांवलींत लावली, तर पुष्कळ रोपें आणखी कांहीं दिवस जगतात आणि उरलेल्या शेंगा पोसतात. मातीची मूर्ति पाण्यांत विरावी हें जसें योग्य, तसें रोपाचें विसर्जन मातींत व्हावें हेंहि योग्यच नव्हे काय? पहिल्या वर्षीं कागदाच्या पुडीभर बीं निघालें. पुढल्या वर्षीं अर्धी पुडी आमच्या मंडळींनीं त्या बाईच्या हातांत ठेवली. ती हंसूं लागली. “आजी, मलाच तेरडा देताय?” मग पुडी कमरेच्या पिशवींत नीट ठेवून म्हणाली, “टाकते बांधावर. कुंपणाच्या आतसुद्धा दोन मुठी फेकते.”

ज्या घरांत तेरड्याची गौर येते त्यांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा. खर्च कांहीं नाहीं. शेंग हिरवी असतांना फुगून पिंवळसर होऊं लागली म्हणजे तिच्याभोंवतीं ओंजळ धरून ती हलकेंच चिमटावी. उघड्या हातानें तोडूं गेल्यास बीं अंगणभर उडतें. काळपट बीं कागदांत गुंडाळून कोरड्या जागीं ठेवावें. मृगाचा पाऊस लागला म्हणजे तें ओल्या मातीवर पसरून वर बोटभरहि नव्हे, चिमूटभर माती टाकावी. पाणी सांचूं देऊं नये. रोपवाटिकेंत मिळणाऱ्या दुहेरी पाकळ्यांच्या गबाळ तेरड्याचें बीं रानांत किंवा बांधावर मात्र कोणी टाकूं नये. तेथें रानचेंच बीं जावें. आणि यंदा मूळ नक्षत्राच्या दिवशीं गौरीची पाठवणी करतांना, दहींभाताचा नैवेद्य झाल्यावर, जुडी उचलण्यापूर्वीं तिच्या खालच्या शेंगा एकदां चाचपून पाहाव्या.